बंद दारामागची चाळीस मिनिटं

१

खुंटी रिकामी होती.

मोठ्या बाई अपंगांच्या निवासात पोहोचल्या तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि सगळं निवास त्या खुंटीसमोर घोळका करून उभं होतं. काल संध्याकाळपर्यंत तिथे टेलरकाकांची पाटी लटकत होती. ताटाएवढी, आरपार दिसणारी प्लॅस्टिकची पाटी, कडेने अक्षरं आणि मधली जागा मोकळी. टेलरकाकांचे हातपाय आणि वाचा तेरा वर्षांपूर्वी एका झटक्यात गेली होती, शाबूत राहिले होते फक्त डोळे, आणि एक अंगठा जेमतेम हलायचा. समोरच्याने पाटी धरायची, काकांनी अक्षरावर नजर रोखायची, समोरच्याने ते अक्षर मोठ्याने म्हणायचं. बरोबर असेल तर नजर पुढच्या अक्षरावर जायची, चुकलं तर तिथेच अडून राहायची. असं एकेक अक्षर वेचत त्यांचं बोलणं चालायचं.

आणि आज, त्यांची साक्ष घ्यायच्या दिवशी, पाटी नव्हती.

"त्यानंच नेली," व्यवस्थापक म्हणाले. "ड्रायव्हरनं. त्या नव्या मदतनिसानं. काल पाचला कपाटाची किल्ली द्यायला आला होता."

"पाहिलंत तुम्ही?"

"पाहिलं नाही. पण दुसरं कोण नेणार?"

"नवी पाटी?"

"मागणीपत्र पाठवलंय. सहा आठवडे लागतील."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. वय एकाहत्तर, गुडघे दुखरे, घरी दारातल्या झाडांना पाणी घालायचं सोडून इथे आलेल्या. चौकशीला बाहेरचा माणूस हवा असा नियम होता, आणि तो नियम एके काळी, निवासाच्या प्रमुख असताना, त्यांनीच लिहिला होता. पस्तीस वर्षांपूर्वी, धोब्याच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, मदतनिसांसाठी अकरा कलमं. तेव्हा तेवढी पुरायची. आता त्याची चौसष्ट पानी पुस्तिका झाली होती. मूळ कागद चौकट करून वऱ्हांड्यात टांगला होता, आणि तोही धड नव्हे. चौकट वाकडी होती, खालची बाजू भिंतीपासून बोटभर सुटलेली. बाईंनी ती दाबून सरळ केली. ती पुन्हा पुढे आली. त्यांनी पुन्हा दाबली. ती पुन्हा आली.

"इथलं काहीच जागेवर बसत नाही," त्या पुटपुटल्या. "जबाब दाखवा."

जबाबावर बुधवारची तारीख होती. अक्षर काकांच्या जुन्या मदतनीस आक्काचं, खाली काकांचा अंगठा. ‘मंगळवारी नव्या मदतनिसाने मला न्हाणीघरात एकट्याला ठेवून दार बाहेरून लावून घेतले. चाळीस मिनिटे मी आत होतो. मला फार भीती वाटली. माझ्या जिवाला धोका होता…’ अशा नऊ भरगच्च ओळी.

"हे खरं ठरलं तर?"

"मदतनिसांच्या यादीतून नाव कायमचं कटणार," व्यवस्थापक म्हणाले. "मग कुठल्याही निवासात काम नाही. बाई, सोमवारी वार्षिक तपासणी आहे. आजच मिटलं तर बरं. तसंही त्यानं कबूल केलंय."

"काय कबूल केलंय?"

"दार त्यानंच लावलं म्हणून."

२

ड्रायव्हर बेचाळीस वर्षांचा होता. अठरा वर्षं बस चालवली, मग पाठीने दगा दिला आणि तो या कामात आला. येऊन आठ महिने झाले होते. खुर्चीत तो असा ताठ बसला होता, जणू मागे पन्नास प्रवासी आहेत.

"दार लावलंत?"

"लावलं."

"चाळीस मिनिटं?"

"चार दहा ते चार पन्नास. वहीत लिहिलंय."

"का?"

त्याने कॉलर सरळ केली.

"अहो, मी विचारतेय का."

"सांगता येणार नाही बाई."

"नोकरी जातेय तुमची."

"कळतंय. पण पुस्तिकेत आहे ना, राहणाऱ्यानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढायची नाही. परीक्षेला आलं होतं. मला त्यात पैकीच्या पैकी पडले."

बाईंनी कपाळाला हात लावला. ते कलम त्यांचंच होतं, चौथं. इतकी वर्षं ते कोणी पाळत नाही म्हणून त्यांनी जीव जाळला होता, आणि आज पाळणारा भेटला तर तो असा.

"मग विश्वासानं सांगितलं होतं काहीतरी. कधी?"

"न्हाणीघरात जायच्या आधी. पाटीवर. ते त्यांनाच विचारा. मी कालच लेखी दिलंय व्यवस्थापकांना, की उद्या दुपारनंतर जबाब माझ्यासमोर पाटी धरून पुन्हा वाचून घ्या. ते म्हणाले बघू. आणि आज पाटीच नाही."

"चाळीस मिनिटं तुम्ही कुठे होतात?"

"दाराबाहेर. स्टुलावर. दर पाच मिनिटांनी टकटक करत होतो. आत काकांच्या अंगठ्याखाली घंटीचं बटण ठेवलं होतं. मी टकटक केली की ते घंटी वाजवायचे."

"कोणी पाहिलं?"

"आक्कांनी, येता-जाता. थांबल्या नाहीत."

बोलताना त्याचा हात दोनदा शर्टाच्या खिशाकडे गेला आणि परत आला. बाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"खिशात काय आहे?"

ड्रायव्हरचा चेहरा पडला. "ते… त्याचा याच्याशी संबंध नाही."

३

आक्का कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. बारा वर्षांपूर्वी बाईंनीच तिला घडवलं होतं. कोपऱ्याला कोपरा कसा जुळवायचा तेसुद्धा बाईंचंच शिकवणं. आक्काची घडी अजून तशीच पडत होती, आणि ते बघून बाईंना क्षणभर बरं वाटलं. तेव्हा किती भित्री होती ही. दर कामाआधी विचारायची, करू का, उचलू का, आता कूस बदलू का.

"आक्का, मंगळवारी तू…"

"पाहिलं ना बाई. दार बंद, आणि हा बाबा बाहेर स्टुलावर बसलाय. बारा वर्षांत ते दार कधी बंद झालं नाही. माझ्या छातीत धस्स झालं."

"मग त्याला तू…"

"विचारलं नाही. काय विचारायचं? नवीन माणूस. तुम्ही म्हणाल, लगेच का नाही…"

"मी काही म्हणत नाहीये. मला वाक्य पुरं करू दे."

आक्का ओशाळली. "सवय लागलीय हो. काकांबरोबर राहून."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे?"

"एकेक अक्षर वेचत बसायचं म्हणजे त्यांनाही शीण. ‘पा’ आलं की मला कळतं पाणी. ‘खि’ आलं की खिडकी. माझ्याइतकं त्यांना कोणी ओळखत नाही. बहीणसुद्धा नाही."

"आणि जबाब?"

"बुधवारी संध्याकाळी घेतला. सहाची औषधं दिली आणि बसले."

बाईंनी वही उघडली. सहा वाजता औषधं, सही आक्काची. सव्वासहाला भरवायला सुरुवात, सही आक्काची. पंधरा मिनिटं. त्यांनी जबाबातले शब्द बोटाने मोजले. त्र्याण्णव. पाटीवर एक शब्द व्हायला चांगला मिनिटभर लागतो, तोही समोरचा सराईत असेल तर.

"पाटी धरली होतीस ना?"

"धरली होती की," आक्का म्हणाली. तिच्या हातातल्या चादरीचे कोपरे मात्र जुळले नाहीत.

४

टेलरकाकांची खोली पूर्वेकडची. खाटेशेजारी चाकांची खुर्ची, खुर्चीत काका, छातीवर पट्टा, अंगठ्याखाली घंटीचं बटण. व्यवस्थापक दारातूनच सांगू लागले, "हे रात्री नीट झोपले नाहीत, आज जरा चिडलेत, यांना…"

"ते इथेच बसलेत," बाई म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल त्यांच्या डोक्यावरून बोलू नका. पहिलं कलम."

त्या खुर्ची ओढून काकांच्या समोर, डोळ्यांच्या रेषेत बसल्या. काकांचे डोळे लाल झाले होते आणि सारखं पाणी वाहत होतं.

"टेलरभाऊ, ओळखलंत का? तुम्ही इथे आलात तेव्हा मी होते. माझ्या कोटाची बाही बघून तुम्ही पाटीवर सांगितलं होतंत, शिलाई वाकडी आहे. मला तीन दिवस राग होता."

काकांच्या ओठाची कड किंचित हलली.

पाटी नसली की काकांकडे दोनच शब्द उरत. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही.

"जबाब तुम्ही सांगितलात का?"

पापणी मिटली. एकदा.

"बघा," व्यवस्थापक म्हणाले.

"थांबा हो. टेलरभाऊ, आज रविवार आहे का?"

पापणी मिटली. एकदा. मग पुन्हा, मग पुन्हा. पाणी गालावर ओघळलं.

"आज शुक्रवार आहे का?"

तेच. पापण्या नुसत्या फडफडत होत्या. काकांच्या गळ्यातून एक घुसमटलेला आवाज आला आणि अंगठ्याने घंटी दाबली. एकदा, दोनदा, सलग. त्या आवाजात नुसता वैताग होता. तीन दिवस या माणसाकडून कोणी काही वदवून घेत होतं, आणि त्याला हो-नाही म्हणायचीसुद्धा सोय उरली नव्हती.

बाईंनी रुमालाने काकांचे डोळे टिपले, आणि टिपता टिपता त्यांचा हात थांबला. नाकाच्या दांडीवर, दोन्ही बाजूंना, दोन खोल जुने वळ होते.

भिंतीवर एक फोटो होता. शिलाई यंत्रावर वाकलेले तरुण टेलर, गळ्यात टेप आणि डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा.

"यांचा चष्मा कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

व्यवस्थापक वही चाळू लागले. "चष्मा… नोंद नाही काही."

"वहीत नका शोधू. त्यांच्या नाकावर बघा. कधीपासून नाहीये?"

स्वयंपाकीण म्हणाली सोमवारी होता. सफाईवाली म्हणाली, लक्षातच आलं नाही बाई. चार-पाच माणसं या खोलीत दिवसभर ये-जा करत होती, तोंड पुसत होती, भरवत होती, आणि एकानेही त्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं.

बाई उठल्या. गुडघा कळवळला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"ड्रायव्हरना बोलवा. आणि त्यांना म्हणावं, खिशात जे आहे ते घेऊन या."

५

पावती चष्मेवाल्याची होती. दिल्याची तारीख मंगळवार. तयार होणार शुक्रवारी दुपारी तीनला.

"हे माझं चुकलं," ड्रायव्हर म्हणाला. "वाफेनं भिंगं धूसर होतात म्हणून चष्मा काढून स्टुलावर ठेवला. पाणी बंद केलं, अंगावर टॉवेल घातला, पट्टा तपासला. बाहेर बसायला स्टूल उचलून नेलं आणि…"

"आणि चष्म्यावर बसलात."

"बसलो."

व्यवस्थापकांच्या तोंडून हसू निसटलं. बाईंनी एक कटाक्ष टाकला तसं ते आवरलं.

"वहीत दोन ओळी का नाही लिहिल्या? त्या दोन ओळी असत्या तर हे सगळं झालंच नसतं."

"चष्म्याचं लिहिलं असतं तर दाराचं कारणही लिहावं लागलं असतं. ते मला लिहायचं नव्हतं."

"व्यवस्थापक, तीनला तुम्ही स्वतः चष्मा घेऊन या. मागणीपत्र पाठवू नका. पायांनी जा."

ते गेले आणि सव्वातीनला परत आले. बाईंनी सगळ्यांना टेलरकाकांच्याच खोलीत जमवलं. व्यवस्थापकांना कार्यालय सोयीचं वाटत होतं. बाई म्हणाल्या, "ज्यांच्याबद्दल बोलायचं ते इथे आहेत. आपण तिकडे कशाला जायचं?"

त्यांनी चष्मा काकांच्या नाकावर चढवला, त्या दोन वळांवर तो अलगद बसला. मग त्या आक्काकडे वळल्या.

"जबाब बुधवारी संध्याकाळचा. चष्मा मंगळवारपासून दुकानात. चष्म्याशिवाय यांना हातभर अंतरावरची सुई आणि बटण सारखंच दिसतं, पाटीवरची अक्षरं कुठून दिसणार? त्र्याण्णव शब्द पंधरा मिनिटांत झाले. आक्का, हा जबाब यांनी सांगितला नाही. तो तू लिहिलास."

आक्काचा चेहरा पांढरा झाला. "मी विचारलं होतं बाई. भीती वाटली का म्हणून विचारलं. पापणी मिटली त्यांनी. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं…"

"पाणी चष्मा नव्हता म्हणून होतं. सकाळी माझ्यासमोर त्यांनी रविवारालाही पापणी मिटली. आणि चष्मा नाही हे तुला दिसलं नाही?"

"डब्यात असेल असं वाटलं. मला पाटी लागतच नाही हो. नुसती धरते मी. मला त्यांचं सगळं कळतं."

ते वाक्य बोलून झाल्यावर आक्कालाच ते ऐकू आलं असावं. ती खाली बघू लागली.

"पण मग पाटी कोणी नेली?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"पाटी हवी होती ड्रायव्हरना. त्यांनी तसं लेखी दिलं होतं, ते कशाला नेतील? तुम्हाला ती असली काय, नसली काय, सारखंच. सहा आठवडे थांबायची तयारी होती तुमची. काल दुपारी, जबाब पुन्हा वाचायचा म्हटल्यावर, पाटीची भीती एकाच माणसाला वाटली असणार. ज्याला तेव्हा कळलं असेल की चष्मा डब्यात नाहीये." बाई वऱ्हांड्यात गेल्या, वाकडी चौकट खिळ्यावरून काढली, आणि मागे हात घातला. "सकाळपासून ही भिंतीला टेकत नव्हती. माझी अकरा कलमं इथे कोणी वाचत नाही, म्हणून इथे कोणी बघणार नाही. आणि ही चौकट माझ्या वेळेपासून दर गुरुवारी तूच पुसतेस ना, आक्का?"

पाटी त्यांच्या हातात होती.

"फेकणार होते," आक्का अगदी हळू म्हणाली. "फेकवली नाही. बारा वर्षं धरलीय हातात."

६

बाईंनी पाटी स्वतः धरली. पाटी हलू नये म्हणून कोपरं खुर्चीवर टेकवली. बऱ्याच वर्षांत धरली नव्हती, पण पाटीच्या मोकळ्या जागेतून काकांचे डोळे समोर आले आणि सगळं आठवलं. घाई करायची नाही, अंदाज बांधायचा नाही, शब्द अर्धा आला तरी पुढचा आपण म्हणायचा नाही.

"टेलरभाऊ, दाराचं सांगाल? सांगायचं नसलं तर तसं सांगा. कोणी जबरदस्ती करणार नाही."

काकांची नजर हलली. बाई एकेक अक्षर म्हणत गेल्या. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकत होतं. व्यवस्थापकांनी दोनदा मनगट पाहिलं. आक्काचे ओठ प्रत्येक अक्षरानंतर हलत होते, पुढचा शब्द जिभेवर येत होता, आणि ती तो गिळत होती.

"दार मी सांगितलं लावायला."

ड्रायव्हरने डोळे मिटून घेतले.

"तेरा वर्षं एकटा नाही. एक मिनिट नाही."

आक्काने तोंडावर पदर धरला.

"भीती नाही वाटली. रडलो. बरं वाटलं."

मग बराच वेळ नजर स्थिर होती. बाई थांबल्या. पुन्हा अक्षरं सुरू झाली.

"आक्का चांगली. तिला कळू नये म्हटलं. लागेल तिला."

"काका," आक्का म्हणाली. "मला सांगायचं होतंत हो."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"सांगत होतो. वर्षभर. तू ‘ए’ आलं की एरंडेल म्हणायचीस."

कोणीतरी हसलं. मग लक्षात आलं, आक्काच हसत होती, आणि गाल ओले होते. वर्षभर तिने निष्ठेने दर आठवड्याला एरंडेल पाजलं होतं.

बाईंनी पाटी खाली केली. खांदे भरून आले होते. आता अहवाल लिहायचा होता. त्यासाठी सहा पानी नमुना होता, आणि त्यात चौकोन होते दोनच, दोष सिद्ध आणि दोष असिद्ध. ड्रायव्हरचं नाव यादीत राहणार होतं. चष्म्याची नोंद लपवली म्हणून समज मिळणार होती, आणि ती रास्त होती. आक्काचं काय लिहायचं? पाटी लपवली हे लिहावंच लागणार. बाईंनी तिला घडवलं होतं. ‘करू का’ विचारणारी ती मुलगी कधी विचारायची थांबली, हे बाईंना समजलं नव्हतं. आणि शिकवून गेल्यावर इतक्या वर्षांत आपण एकदाही येऊन पाहिलं नाही, ते कुठल्या चौकोनात लिहायचं?

"बाई," आक्का म्हणाली, "मला काढून टाका. मी काही म्हणणार नाही."

"तू काय म्हणणार हे तू ठरव. मी पाटी लपवल्याचं लिहिणार आहे. तुझी शिक्षा समिती ठरवेल. त्यांनी ठेवलं, तर पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. पाटी धरायला. माझ्याकडून." मग त्या चमकल्या. "आणि मीही तेच करतेय बघ. ज्यांचं काम आहे त्यांना विचारलंच नाही." त्यांनी पाटी पुन्हा उचलली. "टेलरभाऊ, आक्का तुम्हाला हवी आहे का?"

काकांनी बराच वेळ घेतला. कोणी मध्ये बोललं नाही.

"हवी. पण ऐकायला शिकू दे."

"लिहिते तसं. तुमच्या शब्दांत. आणखी काही?"

नजर भराभर फिरू लागली. बाई म्हणत गेल्या.

"आता सगळे बाहेर जा. दार लावा."

व्यवस्थापक म्हणाले, "पण नियमाप्रमाणे…"

"सातवं कलम," बाई म्हणाल्या. "राहणाऱ्याला एकटं राहायचं असेल तर राहू द्यायचं. चौकटीत आहे. जाता जाता वाचा."

ड्रायव्हरने पट्टा तपासला, अंगठ्याखाली बटण नीट सरकवलं आणि स्टूल उचललं. उचलण्याआधी त्यावर हात फिरवून पाहिला. सगळे बाहेर आले. दार लागलं.

स्टुलावर आक्का बसली. तिनेच मागून घेतलं. बाई समोरच्या बाकावर टेकल्या, गुडघे चोळत, मांडीवर कोरा नमुना घेऊन.

आतून काही आवाज नव्हता. एक मिनिट झालं असेल नसेल, आक्काचा हात दाराकडे गेला. बोटं टकटक करायला वळली. तिने घड्याळाकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून मांडीवर ठेवला.

पाच मिनिटं व्हायला अजून चार होती.